कललेली शिरोरेषा

खोपोलीला तीस वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीची पत्रकं जुळवून देणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि जुना संगणक टेम्पोत घालून कर्जतला घरी आणला. फ्लॉप्यांमध्ये अडकलेल्या शेकडो पत्रिका त्यांना टाकवत नव्हत्या. मॉनिटर चौदा इंची, कृष्णधवल, काचेच्या पिक्चर ट्यूबचा. घरी आणून लावला, सुरू झाला, पण चित्र तिरकं. मला फोन आला, "अरे, गणपतीपासूनच उतार लागलाय बघ. 'श्री गजानन प्रसन्न' घसरगुंडीवरून चाललंय."

नातवाच्या लक्षात हा तिरकेपणा आला नव्हता. त्याने इंग्रजी फाइल उघडून पाहिली होती आणि ती त्याला ठीक वाटली होती. यात नातवाची चूक नाही. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे ओळ दीड-दोन अंशांनी कलली तरी डोळा सांभाळून घेतो. देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा असते. पानभर मजकूर म्हणजे पानभर आडव्या रेघा, आणि त्यांच्या शेजारी मॉनिटरच्या प्लॅस्टिक चौकटीची सरळ कड. गवंड्याने भिंतीला ओळंबा लावावा तशी आपली लिपी पडद्याला आपोआप पाणसळ लावते. मराठी डीटीपीवाल्याला कललेला पडदा सहन होत नाही, त्याचं कारण हेच.

मी गेलो तेव्हा स्क्रूड्रायव्हर नेला होता, पण आधी काढलं ते होकायंत्र. काकांना वाटलं मी वास्तुशास्त्राकडे वळलो.

होकायंत्र कशाला, हे कळायला ट्यूबच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. नरसाळ्यासारखी एक काचेची बाटली, आत निर्वात पोकळी. मागच्या अरुंद मानेत एक तापलेली तार आणि तिच्यापुढे इलेक्ट्रॉन सोडणारी 'गन'. पुढच्या रुंद तोंडाला आतून फॉस्फरचा लेप. १८९७ साली जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी अशी नळी बनवली आणि पुढची शंभर वर्षं टीव्ही, रडार, संगणक सगळे तिच्यावरच चालले. काकांच्या मॉनिटरसारख्या कृष्णधवल नळीत इलेक्ट्रॉनला दहा-बारा हजार व्होल्टची ओढ असते. बारा हजार धरले तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे चौसष्ट हजार किलोमीटर होतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. मानेपासून पडद्यापर्यंतचं वीतभर अंतर तो सेकंदाच्या साधारण तेहतीस कोटीव्या भागात कापतो. (प्रत्येक देवाच्या वाट्याला एक तुकडा यावा, असा हिशेब जमला आहे.)

हा झोत नुसता सरळ गेला तर पडद्याच्या मधोमध एक ठिपका दिसेल. त्याला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवण्याचं काम 'योक' करतो. तांब्याच्या तारेच्या दोन जोड्या गुंडाळ्या, प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेल्या, मान जिथे नरसाळ्याला मिळते तिथे घातलेल्या. एक जोडी झोत आडवा ओढते, दुसरी उभा. काकांच्या व्हीजीए मॉनिटरमध्ये आडवी जोडी सेकंदाला साडेएकतीस हजार रेघा मारते. दोन्ही जोड्या एकमेकींशी काटकोनात पक्क्या असतात, पण अख्खा योक मानेवर फक्त एका पट्टीने आणि एका स्क्रूने धरलेला असतो. पट्टी सैल झाली, योक दोन अंश फिरला, तर चित्रही बरोबर दोन अंश फिरतं.

इथे एक साधी परीक्षा आहे. योक फिरल्यावर चित्र कलतं, पण त्याचा आकार बिघडत नाही. चौकोनाचे चारही कोपरे काटकोनातच राहतात. सुताराचा गुण्या किंवा पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा चित्राच्या कोपऱ्याला लावून पाहा. कोपरा जुळत नसेल, चित्र एका बाजूला निमुळतं होत असेल, तर स्क्रू पिळून काही साधणार नाही. बहुधा योकच्या एखाद्या गुंडाळीत आतल्या आत तार चिकटली आहे, आणि तो योकच बदलावा लागतो. काकांच्या पडद्यावर चारही कोपरे गुण्यात होते. टेबलही मी आधी तपासलं. हसू नका, निम्म्या तक्रारी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्यावर मिटतात.

मग फूटपट्टी घेतली. पांढरा पडदा आणून चित्राची वरची कड चौकटीपासून दोन्ही टोकांना किती दूर आहे ते मोजलं. उजवं टोक डाव्यापेक्षा नऊ मिलिमीटर खाली. चित्राची रुंदी सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे कल दोन अंशांच्या जवळपास. मॉनिटरचं तोंड तेव्हा दक्षिणेकडे होतं. तसंच सुरू ठेवून मी तो मॉनिटर सावकाश फिरवला आणि तोंड उत्तरेकडे केलं. पुन्हा मोजलं. चार मिलिमीटर.

काकांनी पट्टी माझ्या हातून घेऊन स्वतः मोजलं. चारच. स्क्रूला हातही लावला नव्हता. मॉनिटर नुसता फिरवला आणि निम्म्याहून जास्त उतार नाहीसा झाला.

ही करामत पृथ्वीची. चालत्या इलेक्ट्रॉनला कोणतंही चुंबकीय क्षेत्र बाजूला ढकलतं. योक ते मुद्दाम करतो, पृथ्वी न विचारता. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे उत्तरेला जातं आणि थोडं जमिनीत घुसतं. मॉनिटरचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर हे क्षेत्र नळीच्या लांबीच्या दिशेने येतं. मधोमध सरळ जाणाऱ्या झोताला त्याचा काही त्रास होत नाही, पण कडेकडे निघालेला झोत त्याच्याभोवती किंचित पीळ खातो आणि सगळं चित्र फिरतं. तोंड उत्तरेला असेल तर पाहणाऱ्याला उजवी बाजू किंचित वर गेलेली दिसते, दक्षिणेला असेल तर किंचित खाली. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं की पीळ संपतो. मग क्षेत्र झोताला आडवं येतं आणि चित्र कलण्याऐवजी अख्खंच दोन-एक मिलिमीटर खाली किंवा वर सरकतं. कागदावर हिशेब मांडला तर अशा मॉनिटरला आपल्या भागात पृथ्वीमुळे मिळणारा पीळ साधारण अर्धा अंश भरतो. एका दिशेला अर्धा, उलट दिशेला उलटा अर्धा. काकांच्या पडद्यावर नऊचे चार झाले ते यामुळेच. नऊ आणि चार यांची मधली किंमत साडेसहा. तेवढी चूक योकची, उरलेली अडीच मिलिमीटर पृथ्वीची.

'आपल्या भागात' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण आपला भाग नेमका कसा आहे हे सांगणारी जागतिक कीर्तीची व्यवस्था रायगड जिल्ह्यातच आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. संस्था स्वायत्त झाली १९७१ मध्ये, पण तिची मुळं मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत आहेत. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जाताना स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्राम मोजू लागतात. उपाय एकच होता, मुंबई सोडायची. त्यासाठी अलिबाग निवडलं गेलं. इमारतींसाठी पोरबंदरचा चुंबकत्व नसलेला दगड आणला, खिळ्या-बिजागऱ्यांना लोखंड वर्ज्य करून पितळ-तांबं वापरलं. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजून आकड्यांचा सांधा जुळवला आणि मग कुलाब्याची मोजणी थांबवली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. एखादं शहरी काम सुरू होण्याआधी त्याच्या परिणामाचा विचार करून शास्त्रज्ञांनी बिऱ्हाड हलवल्याची याहून नेटकी गोष्ट मला माहीत नाही.

अलिबागचे आकडे आपल्या मॉनिटरला थेट लागू पडतात. तिथे क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे आणि उभा भाग त्याच्या निम्म्याच्या आसपास. युरोपात नेमकं उलट असतं. तिथे क्षेत्र जमिनीत खोल घुसतं, उभा भाग मोठा आणि आडवा वीस हजारांच्या घरात. म्हणजे तोच मॉनिटर लंडनमध्ये उत्तर-दक्षिण फिरवला तर जेवढा कलेल, त्याच्या जवळपास दुप्पट कर्जतमध्ये कलतो. मॉनिटर बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. रंगीत मॉनिटर कारखान्यात जुळवताना भोवती मोठ्या गुंडाळ्या ठेवून ज्या प्रदेशात माल जायचा तिथलं कृत्रिम चुंबकीय क्षेत्र तयार करत आणि त्यात योक बसवत. उत्तर गोलार्धासाठी वेगळा, दक्षिण गोलार्धासाठी वेगळा, विषुववृत्ताजवळच्या देशांसाठी वेगळा. परदेशातून जुन्या सामानात आलेले मॉनिटर इथे लावल्यावर किंचित वाकडे किंवा कोपऱ्यात रंग फिकट वाटायचे, त्यात दर वेळी विकणाऱ्याची लबाडी नसायची.

काकांनी विचारलं, "मग ते सौर वादळ वगैरे आलं की पत्रिका वाकडी होईल का?" प्रश्न चांगला होता. आतापर्यंतच्या मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला आलं, आणि त्याची अत्यंत मोलाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेतच झाली आहे. तिथलं आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. तारयंत्रं कोलमडवणारं वादळ ते, पण ३८,००० मधले १,६०० म्हणजे चार टक्के. अर्ध्या अंशाचे चार टक्के डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हा काकांच्या गणपतीला सूर्यापासून भय नाही. खोलीतल्या लोखंडी कपाटापासून जास्त आहे, आणि चुंबक असलेल्या उघड्या स्पीकरपासून तर बरंच.

विजेचा प्रश्नही याच ओघात निघाला, कारण हा भाग विजेचा जुना मुलूख आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं आणि तारा मुंबईकडे जातात. 'वरून हायटेन्शन लाइन गेली म्हणून चित्र वाकडं' असं इथे अनेकांच्या तोंडी असतं. ते खरं नाही. तारांतला प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनं करत सतत दिशा बदलतो, त्यामुळे त्याच्या क्षेत्राने चित्र कलून स्थिर राहू शकत नाही, ते थरथरतं. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगत असेल तर साठ आणि पन्नास यांच्या फरकाने, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, पोहल्यासारखं दिसतं. असं पोहणारं चित्र दिसलं की आकाशातल्या तारांकडे नंतर पाहा, आधी मॉनिटरला चिकटून ठेवलेला स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर दोन हात दूर करा.

आता साडेसहा मिलिमीटरचं काय, त्याकडे वळतो. खोपोली-कर्जत टेम्पोच्या धक्क्यांत योकची जुनी पट्टी सैल झाली असणार. ती आवळायला मागचं झाकण काढावं लागतं, आणि इथे मी आवाज थोडा चढवतो. प्लग काढल्यावरही ट्यूब मेलेली नसते. तिच्या काचेला आतून आणि बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो, मध्ये काच. म्हणजे ट्यूब स्वतःच एक मोठं कॅपॅसिटर झालेली असते, आणि त्यात हजारो व्होल्टचा भार तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस टिकतो. नरसाळ्याच्या बाजूला रबराची टोपी दिसते, तिच्याखाली तो बसलेला असतो. मेकॅनिक लोक चांगल्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याच्या दांड्याला वायर बांधून ती ट्यूबभोवतीच्या उघड्या अर्थ-पट्टीला जोडतात आणि टोक टोपीखाली सरकवतात. 'चट्' असा आवाज येतो. थोड्या वेळाने पुन्हा करतात, कारण काच उरलेला भार हळूहळू वर सोडते. हे काम ज्याने कोणाच्या हाताखाली केलेलं नाही, त्याने हा परिच्छेद वाचून करू नये. गावात अजून एखादा जुना टीव्ही मेकॅनिक असतोच, त्याला बोलवावं. मीही खोपोलीहून काकांच्याच ओळखीच्या एकाला बोलावलं.

त्यांनी भार काढला, योकच्या पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, आणि फिरवण्याआधी योकवरून काचेवर खडूची एक रेघ ओढली, म्हणजे किती फिरला ते कळावं. जुने मेकॅनिक सेट चालू ठेवून, समोर आरसा लावून, दुसरा हात खिशात घालून योक फिरवायचे. मागे उभं राहून समोरचं चित्र पाहायला आरसा हवाच, आणि दुसरा हात खिशात यासाठी की झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हाताकडे, म्हणजे हृदयातून जाऊ नये. आमच्या मेकॅनिकनी तो खेळ केला नाही. "आता वय झालं, आरसा घरी ठेवला," म्हणाले. बंद करून फिरवायचा, आवळायचा, झाकण न लावता लांबून सुरू करून पाहायचं, पुन्हा बंद, पुन्हा भार काढायचा. तीन फेऱ्या लागल्या. मागून पाहताना दिशा उलटी होते, त्यामुळे पहिल्या फेरीत चित्र आणखी कललं, आणि काकांनी आम्हा दोघांकडे ज्या नजरेने पाहिलं ती लक्षात राहिली आहे.

दोन गोष्टी त्यांनी जपल्या. एक, योक पुढे, नरसाळ्याला टेकूनच ठेवला. तो मागे सरकला तर झोत मानेच्या काचेला अडतो आणि पडद्याचे कोपरे काळे पडतात. दुसरी, स्क्रू बोटांच्या जोराने आवळला, मनगटाच्या नाही. अशा ट्यूबची मान जेमतेम दोन सेंटिमीटर जाड असते आणि काच पातळ. पट्टी जास्त आवळली की 'फिस्' असा आवाज येऊन हवा आत शिरते आणि ट्यूब कायमची गेली. योकच्या मागे दोन छोट्या चुंबकी कड्या होत्या. त्या चित्र मध्यावर आणण्यासाठी असतात. त्यांना शेवटी एकदाच हात लावला.

मॉनिटर रंगीत असता तर मी योकला हात लावू दिला नसता. रंगीत ट्यूबमध्ये तीन झोत असतात, आणि प्रत्येकाने आपापल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावं म्हणून योक रबराच्या पाचरी आणि गोंद लावून कारखान्यातच जुळवलेला असतो. मागच्या कड्यांवर रंगाचा ठिपका टाकून त्या बंद केलेल्या असतात. ते एकदा हललं की अक्षरांना लाल-निळ्या सावल्या पडतात आणि पुन्हा जुळवणं हे दिवसभराचं काम. असा मॉनिटर आधी हव्या त्या जागी ठेवावा आणि 'डीगॉस' करावा. बटण दाबलं की धप् आवाज होऊन चित्र थरारतं; ट्यूबभोवतीची गुंडाळी आतल्या लोखंडी जाळीत साठलेलं चुंबकत्व पुसून टाकते. पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. त्या गुंडाळीचा प्रवाह आवरणारा भाग तापलेला असतो, तो थंड व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. नंतरच्या काळातल्या बऱ्याच सतरा इंची मॉनिटरांत मेनूमध्येच 'टिल्ट' किंवा 'रोटेशन' असं कलम असतं. ते वळवलं की ट्यूबवरच्या एका जादा गुंडाळीतून थोडा प्रवाह जातो आणि पृथ्वीच्या पिळाला तेवढाच उलटा पीळ बसतो. स्क्रू नाही, आरसा नाही.

काकांच्या मॉनिटरला ही सोय नाही. म्हणून योक साडेसहा मिलिमीटरपुरता फिरवला, आणि उरलेल्या पृथ्वीच्या वाट्यासाठी टेबल हलवलं. पडद्याचं तोंड आता पश्चिमेला आहे आणि काका पूर्वेकडे तोंड करून बसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते वास्तूच्या दृष्टीनेही पसंत पडलं, मी काही बोललो नाही. पश्चिमेला तोंड केल्यावर चित्र दोन मिलिमीटर वर सरकलं होतं, ते मागच्या कड्यांनी खाली आणलं. शेवटी पट्टी लावली तेव्हा दोन्ही टोकांना सारखंच अंतर होतं.

तुमच्या माळ्यावर असा मॉनिटर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चार दिशांना तोंड करून पाहा, आणि द्यायचाच झाला तर अंगणात फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. त्या नरसाळ्याच्या काचेत शिसं असतं.